वर्षाला काय भ्यायचं?

या आठवड्यात आमच्या नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला आणि तो बघून माझं डोकं फिरलं. त्यातल्या गृहस्थांचं म्हणणं असं, की चिनी लोकांचं अग्नी-घोड्याचं वर्ष 17 फेब्रुवारीला लागलं, आपलं 'पराभव' नाम संवत्सर 19 मार्चला लागतंय, तेव्हा दोन्ही मिळून अरिष्टच समजा. शुभकार्यं पुढे ढकला, घरात बाळ येणार असेल तर शांत करून घ्या. ग्रुपमध्ये आमची एक भाचेसून आहे, तिला सातवा महिना चालू आहे. तिनंही तो व्हिडिओ बघितला.

आधी हिशेब सांगते. चिनी वर्ष आणि आपला पाडवा, दोन्ही चंद्र-सूर्याची सांगड घालून ठरतात. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाला अकराएक दिवस कमी पडतात, म्हणून दोघांनाही अधून मधून अधिक महिना घ्यावा लागतो. त्यांचा गेल्या वर्षी येऊन गेला, आपला यंदा ज्येष्ठात आहे. साठ वर्षांचं चक्रही दोघांकडे आहे. त्यामुळे 1966 सालीही त्यांचा अग्नी-घोडा आणि आपला पराभव जोडीनंच आले होते. त्या साली जन्मलेली माणसं यंदा साठी गाठतील. घराघरांत आहेत, विचारा त्यांना काय अरिष्ट आलं ते.

अरिष्ट आलं ते भीतीचं. चिनी कालगणना स्वीकारलेल्या जपानात समजूत होती, की अग्नी-घोड्याच्या वर्षात जन्मलेली मुलगी हेकट निघते, नवऱ्याच्या मुळावर येते. 1965 मध्ये तिथे 18 लाखांवर मुलं जन्मली होती. 1966 मध्ये तो आकडा साडेतेरा लाखांच्या आसपास आला आणि पुढच्याच वर्षी परत वर गेला. भीती मुलाची नव्हती, मुलीची होती. सातव्या महिन्यातल्या पोरीच्या हातात असली गोष्ट ठेवणाऱ्याला मी ज्योतिषी म्हणणार नाही.

आणि राग याचाही, की चिनी नववर्षातून उचलायचं तर एवढंच सापडलं? वर्ष संपायच्या आठवडाभर आधी तिथे चुलीवरचा देव स्वर्गात जातो, घरातल्यांनी वर्षभर काय केलं ते सांगायला. म्हणून निघताना त्याच्या चित्राच्या ओठांना मध किंवा चिकट मिठाई लावतात, तोंडून गोड निघावं म्हणून. वर्ष लागायच्या आधी घर लख्ख करतात, पण पहिल्या दिवशी झाडूला हात लावत नाहीत, आलेली लक्ष्मी केराबरोबर जाईल म्हणून. दिवेलागणीला केर काढू नये म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. ही सगळी माणसाला धीर देणारी रीत आहे.

गुरुवारी नेहमीप्रमाणे आमच्या बडोद्याच्या खंडेराव मार्केटात गेले. 1906 साली महाराजा सयाजीरावांनी ही इमारत बांधून खंडेराव महाराजांचं नाव दिलं. पुढे महापालिकेची कचेरी, मागे भाजी नि फुलं. पाडव्याच्या आधीचा हा बाजार मला फार प्रिय आहे. कडुनिंबाच्या जुड्या, आंब्याचे टाळे आणि दोऱ्यात ओवल्यासारख्या साखरेच्या गाठी. गाठी खरं तर ओवत नाहीत. लाकडी साच्यात आधी दोरा ठेवतात, वरून पाक ओततात आणि साखर दोऱ्याभोवतीच थिजते. विकणारा गुजराती, पण "काकी, माळ मोठी देऊ?" हे मराठीतच. मी तीन घेतल्या, त्यातली एक भाचेसुनेकडे पाठवली.

आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांची वर्षं दोन. चैत्रात गुढी आणि दिवाळीच्या पाडव्याला गुजराती बेसतं वरस. त्या दिवशी उजाडायच्या आत गल्लीतून हाक येते, "सबरस! सबरस!" म्हणजे मीठ. पोरं, बायका टोपली घेऊन दारोदार फिरतात. वर्षातली पहिली खरेदी मिठाची, शकुनाची. माझी सासू दार उघडायची ती हातात नाणं घेऊनच. मूठभर जाड, किंचित ओलसर खडे ओंजळीत घ्यायचे, ते देवापुढे ठेवायचे आणि त्या दिवसाच्या वरणात त्यातलाच खडा पडायचा. सोनं नाही, चांदी नाही. गरिबाच्या टोपलीतून येणारं, श्रीमंतालाही रोज लागणारं मीठ. नव्या वर्षाचा याहून शहाणा शकुन मला ठाऊक नाही. आणि तो देणारा माणूस त्या पहाटे पाहुणा असतो, भिकारी नव्हे. पैसे तो मागून घेत नाही, माल देऊन घेतो.

गेल्या दिवाळीला आमच्या सोसायटीच्या गेटवर या पोरांना अडवलं. सुरक्षेचं कारण सांगितलं. वरच्या मजल्यापर्यंत हाक ऐकू येत होती आणि खाली उतरेपर्यंत पोरं निघून गेली होती. त्या दिवशी वरणात पडलं ते दुकानातल्या पिशवीतलं मीठ. पार्सलवाले दिवसातून दहा वेळा आत येतात, त्यांची नोंद वहीत होते. तशी या मुलांचीही करा.

दिवाळीला अजून सातआठ महिने आहेत, पण सोसायटीची सभा पुढच्या रविवारी आहे. सबरसवाल्यांना वर्षाच्या त्या एका पहाटे पाच ते सात आत सोडावं, असा लेखी अर्ज मी दिला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन गुजराती शेजारणींनी त्यावर सह्याही केल्या आहेत.