जमा माझी, नावे कुणाचे?

गणपतीपुढे जागरणाला पत्ते खेळणे हा आमच्या गल्लीतला जुना रिवाज आहे. लहान पोरांचा झब्बू, थोरांचा मेंढीकोट आणि रात्री बारानंतर, आरास सांभाळण्याच्या निमित्ताने, कोपऱ्यात रुपया-दोन रुपयांची तीन पत्ती. २०२४ च्या गणेशोत्सवात याच कोपऱ्यात एका मित्राने मला मोबाइलवर पोकर दाखवला. २०२५ चा गणपती पाच-सहा दिवसांवर आला असताना मोबाइलवरची ती पैशांची टेबले बंद झाली. संसदेने कायदाच तसा केला. म्हणजे गणपती ते गणपती असे माझे एक वर्ष भरले. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी वर्ष संपले की काय करतो? ताळेबंद मांडतो. तोच येथे मांडीत आहे. प्राध्यापकांनी रागावू नये आणि मित्रांनी हुरळून जाऊ नये, एवढीच आरंभी विनंती.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात. मध्ये आधी तीन, मग एक, मग आणखी एक असे पाच पत्ते सर्वांसाठी उघडतात. या सातांतून ज्याचा पाच पत्त्यांचा संच उत्तम, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्याला पैसे लावायचे, नाही तर पत्ते टाकून द्यायचे. बाकी सर्वांनी पत्ते टाकले तर उरलेला एकटा, हातात काही नसतानाही, सगळा गल्ला उचलतो. म्हणून या खेळात थापेला मान आहे. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली खेळांचा सिद्धान्त अर्थशास्त्राला जोडणारा जो ग्रंथ लिहिला, त्यात पोकरमधील थापेचे गणित आहे. तेव्हा हा खेळ अगदीच अडाण्यांचा नव्हे.

अडाणी होतो तो मी. पहिले तीन महिने मी पोकर तीन पत्तीसारखा खेळलो. एक्का दिसला की छाती फुगायची, हरलो की वसुलीसाठी दुप्पट लावायचो. टेबल एक-दोन रुपयांचे, सर्वांत खालचे. तरी शिकवणीतून मिळालेले २,८०० रुपये त्यात गेले. रात्री दोन वाजता बाबांनी दारातून विचारले, “काय करायलायस रे एवढ्या रात्री?” मी म्हणालो, “स्टॅटिस्टिक्स, बाबा.” ते खोटे होते. पण पुढे पुढे ते अर्धे खरे होऊ लागले.

बावन्न पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या जोड्या होतात १,३२६. त्यांत एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. वर्गात हे सूत्र फळ्यावरच राहिले होते. टेबलावर ते खिशाला लागले. एक उदाहरण देतो. हातात दोन बदाम आहेत, उघड्या चार पत्त्यांत दोन बदाम आहेत. आणखी एक बदाम आला तर डाव माझा. न दिसलेले पत्ते ४६, त्यांत बदाम ९. गल्ल्यात ६० रुपये आहेत आणि समोरच्याने ३० लावले. आता ९० मिळवण्यासाठी मला ३० टाकायचे आहेत. असे ४६ वेळा केले तर ९ वेळा ९० प्रमाणे ८१० मिळतील आणि ३७ वेळा ३० प्रमाणे १,११० जातील. तोटा ३०० रुपये. तेव्हा बदामाचा मोह सोडून पत्ते टाकावेत. एवढे साधे गणित; पण रात्री दीड वाजता, मागचा डाव नुकताच हरलेला असताना, ते पाळणे फार कठीण.

माझी खरी प्रगती झाली ती यात. मी पत्ते टाकायला शिकलो. हरल्यावर उठायला शिकलो. बरोबर निर्णय घेऊनही हरता येते आणि मूर्खपणा करूनही जिंकता येते, म्हणून निकालावरून निर्णयाची पारख करू नये, हे शिकलो. प्रत्येक दिवसाची नोंद वहीत ठेवू लागलो. पुढच्या सहा महिन्यांत तोटा अवघा ३५० रुपयांवर आला आणि शेवटच्या तीन महिन्यांत १,९१० रुपये फायदा झाला. मित्रमंडळींत मी ‘प्रोफेसर’ झालो!

आता वर्षाचा ताळेबंद. सुमारे चारशे तास, सुमारे तीस हजार डाव, एकूण तोटा १,२४० रुपये. पण वहीत आणखी एक रकाना आहे. प्रत्येक मोठ्या डावातून टेबलवाला आपला कट काढून घेतो, त्याला रेक म्हणतात. माझ्या वाट्याचा रेक वर्षात सुमारे ३,००० रुपये भरला. म्हणजे टेबलावरच्या माणसांशी मी १,७६० रुपयांनी जिंकलो आणि टेबलाशी हरलो. टेबलवाल्याने एकही पत्ता हातात धरला नाही, एकदाही थाप मारली नाही, त्याची झोप एकदाही मोडली नाही.

शिवाय ते १,७६० तरी माझ्या कौशल्याचे कशावरून? २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेत पिट्सबर्ग येथे लिब्राटस नावाच्या संगणक-प्रणालीने चार नामांकित खेळाडूंना हरवले. दैवाचा भाग बाजूला सारून कौशल्य सिद्ध करण्यासाठी तेथे वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळले गेले; एका खेळाडूला जे पत्ते, तेच दुसऱ्या खेळाडूच्या सामन्यात संगणकाला, अशी उलट वाटणीही केली गेली. जेथे शास्त्रज्ञ एवढी काळजी घेतात, तेथे माझ्या तीन महिन्यांच्या फायद्याने काय सिद्ध होणार? चांगले पत्ते आले असतील, एवढेच.

किंवा समोरचे कच्चे असतील. आणि येथे मला त्या एका रात्रीविषयी लिहिले पाहिजे, जिच्यामुळे हा लेख लिहीत आहे.

जुलैमधली गोष्ट. एक खेळाडू प्रत्येक डावाला पैसे लावीत होता, हातात काही असो वा नसो. मी त्याच्या टोपणनावापुढे शेरा लिहून ठेवला होता : ‘कच्चा, सोडू नये.’ त्या रात्री मी त्याचे चारशे रुपये घेतले. शेवटचे पैसे संपल्यावर त्याने संदेशाच्या चौकटीत लिहिले, “इवत्तु अदृष्ट इल्ला.” आज नशीब नाही. टेबलावरच्या इतरांना ते कळले की नाही, कोण जाणे, मला कळले. माझ्या आजोळची भाषा ती. तो धारवाडचा असेल, गदगचा असेल, कदाचित आमच्याच कॉलेजचा असेल, या अंकाच्या कन्नड विभागात त्याचा लेखही असेल! कन्नडात नशिबाला अदृष्ट म्हणतात. अदृष्ट म्हणजे न दिसलेले. त्याच्यालेखी ते दैव होते. माझ्यालेखी ते ४६ न दिसलेले पत्ते होते, आणि मी ते मोजत होतो, तो मोजत नव्हता. एवढाच आमच्यातला फरक, आणि त्याची किंमत चारशे रुपये.

माझे वडील रविवार पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. संगणक आला तरी त्यांची कीर्द अजून हातची आहे. ते नेहमी सांगतात की कुठेतरी जमा झाले तर कुठेतरी नावे पडलेच पाहिजे. नाही पडले तर हिशेब चुकला म्हणून समजावे. मी वर्षभर फक्त जमेची बाजू लिहीत होतो. आता कोणी म्हणेल, अडत्याही कट घेतोच की! घेतो. पण शेतकऱ्याला पैसे मिळतात, घेणाऱ्याला धान्य मिळते आणि शेवटी कुणाच्या तरी चुलीवर भाकरी भाजली जाते. तिघांचेही काही ना काही भागते. पोकरच्या टेबलावर मूठभर जोंधळाही पिकत नाही. सहा जणांचे पैसे फिरतात आणि प्रत्येक फेरीला थोडे थोडे कमी होतात.

२००३ साली अमेरिकेतील ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनीसाने, ऑनलाइन छोट्या स्पर्धेतून प्रवेश मिळवून, पोकरची जागतिक स्पर्धा आणि २५ लाख डॉलर जिंकले. आमच्यापैकी प्रत्येकाने ही कथा ऐकलेली असते. त्या स्पर्धेत खेळाडू होते ८३९. बक्षीस आले ते त्या साऱ्यांच्या प्रवेश-फीमधून. उरलेल्या ८३८ जणांची नावे कुणाला आठवतात?

आपल्याकडचा वाद मात्र वेगळ्याच प्रश्नावर चालला : हा खेळ कौशल्याचा की दैवाचा? सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले. पोकरच्या बाबतीत आपल्या उच्च न्यायालयाने २०१३ साली खेळाडूंना अनुकूल मत दिले, तर गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली त्याला जुगार ठरवले. कर्नाटकाने २०२१ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर घातलेली बंदी फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. शेवटी ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने हा भेदच पुसला : कौशल्य असो वा दैव, पैसे लावून ऑनलाइन खेळवणे बंद. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला.

कायदा झाला तेव्हा मी चिडलो होतो. माझे कौशल्य दैवाच्या पंक्तीला बसवले म्हणून! आज वही उघडून पाहतो तेव्हा वाटते, कौशल्य आहे की नाही हा प्रश्नच अपुरा होता. कौशल्य आहे, पण ते आहे म्हणूनच जाणता अजाणत्याचे पैसे घेऊ शकतो. निव्वळ दैव असते तर तो कन्नड मित्र आणि मी कधीतरी बरोबरीत आलो असतो. तरी नुसत्या बंदीने काम भागेल असे मला वाटत नाही. गोव्याला मांडवीतली जहाजे येथून काही तासांवर आहेत आणि परदेशी टेबले मोबाइलवर चोरवाटेने येतच राहतील. ज्याला मोजता येत नाही तो तेथेही ‘अदृष्ट इल्ला’ म्हणत बसेल.

महाभारतातला नळराजा द्यूतात राज्य हरला. पुढे ऋतुपर्णाने त्याला बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे मोजून दाखवली. नळाने खातरजमा केली, आणि अक्षविद्या, म्हणजे मोजण्याची विद्या, शिकून राज्य परत जिंकले. हे सर्वांना माहीत असते. पण जिंकल्यावर नळाने हरलेल्या पुष्कराला त्याचा वाटा परत देऊन सन्मानाने घरी पाठवले, हे आपण विसरतो.

मला ते चारशे रुपये परत करता येत नाहीत. नाव नाही, गाव नाही, टेबलही उरले नाही. म्हणून एवढेच सुचवतो. आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या प्राध्यापकांनी शनिवारी एक तास द्यावा. पत्ते मी आणतो. पैशांऐवजी चिंचोके लावू आणि ४६ पत्त्यांत ९ बदाम म्हणजे काय, ते मराठीत आणि कन्नडातही फळ्यावर मांडू. वही बाबांना दाखवली आहे. त्यांनी बेरजा तपासल्या, एक चूक काढली आणि ‘नावे’ या रकान्यावर बोट ठेवून विचारले, “हे कुणाचे?” त्यावर मला काही सांगता आले नाही.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष