टेलच्या शेतकऱ्याचे कष्ट कुठे कमी पडले?

सामाजिक न्यायाची भाषा आता पुरे झाली, असं एक सुशिक्षित गृहस्थ हल्ली जिथे-तिथे सांगतात. त्यांचं म्हणणं एवढंच: बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यानं कष्ट केले म्हणून माळाचा मळा झाला, मागे राहिले ते आळसानं. प्रत्येकानं आपलं भलं पाहिलं की सगळ्यांचं होतं.

हे ऐकून संताप येतो, कारण ते खोटं आहे. 1876 च्या दुष्काळात पोटासाठी कामावर आलेल्या माणसांनी नीरा डाव्या कालव्याची माती उपसायला सुरुवात केली आणि 1885 मध्ये त्यातून पाणी सुटलं. सरकारी पैसा आणि भुकेल्यांचे हात लागले, पाणी मात्र ज्याचं रान कालव्याखाली आलं त्याचं झालं. ज्याला रानच नव्हतं, त्याला त्या पाण्यावर मजुरीच उरली. सुपे-मोरगावचा जिरायतदार काय झोपून होता? त्याचं रान उंचावर, तिथे पाटाचं पाणी चढत नाही. इंदापुरातला टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी सखल भागात आहे, तरी त्याच्यापर्यंत पाणी पोचत नाही. वरच्या अंगाला ऊस भिजतो आणि खाली आवर्तनाची, म्हणजे पाण्याच्या पाळीची, वाट बघत ज्वारी करपते. कालव्याचं पाणी उसाला पुरेल असं बारमाही द्यायचं की आठमाही, हा वाद 1980 च्या दशकात राज्यभर गाजला. आज कष्टाचा दाखला देतात, तोच तेव्हाही उसाच्या बाजूनं दिला जात होता. भीमाकाठची गावं उजनी धरणाच्या पाण्याखाली गेली, त्यांनी कष्टांत कोणती कसूर केली होती? आणि मराठवाड्यातून येणारी ऊसतोडणीची टोळी? तिथे नवरा-बायको मिळून एकच ‘कोयता’ धरला जातो. थंडीत पहाटे फडात उतरणाऱ्या त्या बाईला कष्टाचा धडा द्यायची कुणाची हिंमत आहे?

सरकारी मदतीनं माणूस आळशी होतो, असंही म्हणणाऱ्यांनी रोजगार हमीच्या कामावर भर उन्हात एक दिवस खडी फोडावी.

आणि पाण्याच्या न्याय्य वाटपाची रीत तर शेजारच्या पुरंदरात करून दाखवलेली आहे. 1970 च्या दशकात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला. भूमिहीनालाही हक्क, ऊस बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. नीरेचं आवर्तनही असंच माणसं मोजून, आधी टेलला आणि मग वर, सोडावं. त्यानं वरचा ऊस कमी होईल. तो व्हायलाच हवा.