गुटगुटीत म्हणजे निरोगी नव्हे

आपल्याकडे माया वजनात मोजतात. गुटगुटीत बाळाचा नियम आता सिडकोतल्या बीगल कुत्र्यांनाही लागू झालाय! बीगल मूळचा सशामागे धावणारा शिकारी. उंची फार तर 15 इंच, वजन साधारण 9 ते 14 किलो. लातूरकडच्या कारवानीसारख्या त्याच्या बरगड्या दिसायला नकोत. पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात, आणि वरून पाहिलं तर कंबर दिसावी. चहाबरोबरचं बिस्किट, तूप लावलेली पोळी तो कधीच नाकारणार नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, पाव हिस्सा कमी खाणं मिळालेले लॅब्रॅडॉर जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. मुक्या जिवाला 'पुरे' म्हणता येत नाही; ते आपणच म्हणायचं.