कळ आपली, अर्थ पलीकडचा

दुकान शिरड शहापूरला आणि मालाच्या नोंदीचा संगणक नांदेडच्या ठोक व्यापाऱ्याकडे, अशी व्यवस्था आता नवलाची नाही. पुट्टीसारख्या प्रोग्रामची काळी खिडकी उघडायची, लॉगिन करायचे आणि इथे बसून तिथल्या वहीत माल चढवायचा. सोय मोठी आहे. पण नोंद चुकली की दोष गल्ल्यावरच्या पोराच्या माथी बसतो आणि त्याचा रोज कापला जातो. हे आम्हाला मान्य नाही.

मूळ कारण असे. ही खिडकी म्हणजे जुन्या टर्मिनलची नक्कल आहे. अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९७८ साली व्हीटी १०० हे टर्मिनल काढले. अशा खिडक्या आजही त्याच घराण्याची भाषा बोलतात. कळ दाबली की पलीकडे एक संकेत जातो आणि त्याचा अर्थ तिथला संगणक लावतो. दोघांचे जुळले नाही की घोटाळा होतो.

चूक खोडायला बॅकस्पेस दाबावी, तर भलतीच चिन्हे उमटतात. कारण काही संगणक त्यासाठी ८ हा संकेत मानतात, काही १२७. पुट्टीत कीबोर्डच्या सेटिंगमध्ये तो बदलता येतो. उजवीकडच्या आकड्यांच्या कळांतून आकड्यांऐवजी अक्षरे आली, तर ‘ॲप्लिकेशन कीपॅड’ बंद करावे. गिऱ्हाइकाचे मराठी नाव विचित्र चिन्हांत दिसले, तर अक्षरसंच यूटीएफ-८ आहे का ते आधी पाहावे.

सर्वांत महाग पडते ती कंट्रोल-एस. इतर प्रोग्राममध्ये तिने काम जतन होते, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. टर्मिनलमध्ये मात्र तिचा जुना अर्थ ‘थांब’ असा आहे. पडदा गोठतो. पोरगा घाबरून पुन्हा पुन्हा कळा मारतो. पडदा थांबला तरी कळा पलीकडे पोचतच असतात. मग दहा पोत्यांची नोंद दोनदा बसू शकते, आणि घाईने खिडकी बंद केली तर ती अर्धवट राहू शकते. उपाय एवढाच, की कंट्रोल-क्यू दाबावी आणि शेवटची नोंद तपासूनच पुढे जावे.

कोणी म्हणेल, तंत्रज्ञाला बोलवावे. जरूर बोलवावे, पण गिऱ्हाईक दारात उभे असताना तो येईलच असे नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की जो ठोक व्यापारी लॉगिन देतो, त्याने टर्मिनलचा प्रकार, बॅकस्पेसचा संकेत आणि अक्षरसंच मराठीत कागदावर लिहून द्यावा. सुटे भाग मागवणाऱ्या कारागिरानेही हा कागद मागून घ्यावा आणि यंत्राशेजारी चिकटवावा. तराजू घेताना आपण काटा तपासतो. तसेच इथेही आधी कळ तपासा, मग पोराचा हिशेब करा.