फुकट नव्हे, मुक्त! घरच्या संगणकासाठी लिस्प निवडताना

शासकीय संगणकप्रणालींत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण भारत सरकारने २०१५ साली जाहीर केले. आयआयटी मुंबईतील ‘फॉसी’ प्रकल्प देशभरच्या महाविद्यालयांत अशाच सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. तरीही घरच्या संगणकावर नवी भाषा शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘फुकट कुठे मिळेल?’ प्रश्न चुकीचा आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत. मराठीत फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. हा भेद लिस्पच्या बाबतीत जितका निर्णायक ठरतो, तितका क्वचितच अन्यत्र ठरत असेल.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीमध्ये लिस्पची मांडणी सुरू केली. आज वापरात असलेल्या उच्चस्तरीय भाषांत फोरट्रानच काय ती तिच्याहून जुनी. निरुपयोगी झालेली स्मृती आपोआप मोकळी करण्याची पद्धत प्रथम लिस्पमध्येच अवतरली. तिचे खरे वैशिष्ट्य मात्र याहून खोल आहे. लिस्पमधला प्रोग्राम आणि त्याने हाताळायची माहिती, दोन्ही कंसांत बांधलेल्या याद्याच असतात; म्हणून एक प्रोग्राम दुसरा प्रोग्राम वाचू शकतो, बदलू शकतो, नवा रचूही शकतो. ज्या भाषेचा आत्माच असा उघडा आहे, ती बंद पेटीत शिकणे म्हणजे झाकण न उघडता घड्याळदुरुस्ती शिकणे होय.

इतिहासही हेच सांगतो. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेतील लिस्प यंत्रांभोवती कंपन्या उभ्या राहिल्या आणि एकमेकांत मोकळेपणाने वाटला जाणारा कोड कुलुपात गेला. त्या अनुभवाने अस्वस्थ झालेल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची एक ठिणगी लिस्पच्याच अंगणात पडली होती.

व्यापारी लिस्पच्या विनामूल्य आवृत्त्या आजही मिळतात. ‘लिस्पवर्क्स’च्या वैयक्तिक आवृत्तीत स्मृतीवर मर्यादा आहे, शिवाय एका बैठकीला पाच तासांची मुदत आहे. विक्रेत्याने अशी अट घालण्यात गैर काही नाही. तो त्याचा धंदा आहे. पण विद्यार्थ्याने नमुन्याच्या पुडीला शिधा समजू नये.

मग निवडावे काय? पहिल्यांदाच प्रोग्रामिंगकडे वळणाऱ्याने ‘रॅकेट’ घ्यावे. लिस्प कुळातील या भाषेसोबत येणाऱ्या ‘डॉक्टर रॅकेट’मध्ये नवशिक्यांसाठी पायरीपायरीने वाढत जाणाऱ्या शिक्षणभाषा आहेत, आणि चूक नेमकी कुठे झाली तेही ते दाखवते. ज्याला कॉमन लिस्पच शिकायची आहे, त्याने ‘एसबीसीएल’ घ्यावे. १९९९ साली ‘सीएमयूसीएल’पासून वेगळी झालेली ही प्रणाली लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर चालते, थेट यंत्रसंकेत तयार करते आणि स्वतः बहुतांशी लिस्पमध्येच लिहिलेली आहे. तिच्या जोडीला ‘ईमॅक्स’ आणि ‘स्लाइम’ ठेवले की एखाद्या फलनाच्या नावावरून थेट त्याच्या मूळ व्याख्येपर्यंत जाता येते. गणित-भौतिकीच्या विद्यार्थ्याला आणखी एक लाभ आहे. बीजगणिती समीकरणे चिन्हरूपात सोडवणारी ‘मॅक्सिमा’ ही मुक्त प्रणाली कॉमन लिस्पमध्येच लिहिलेली आहे. अवकलन यंत्राला कसे कळते, हे तिथे प्रत्यक्ष वाचता येते.

प्रतिपक्षाचे म्हणणे असे, की व्यापारी साधने अधिक नेटकी असतात, अडचणीत मदत मिळते आणि ईमॅक्स शिकण्यातच महिना जातो. यात तथ्य आहे. ईमॅक्सच्या कळा बोटांत बसायला वेळ लागतोच. पण तो महिना वाया जात नाही. ते साधन पुढे प्रत्येक भाषेत साथ देते. आणि ज्याचे ध्येय आजच ग्राहकाला उत्पादन विकणे हे नसून समजून घेणे हे आहे, त्याला झगमगीत खिडकीपेक्षा उघडे दार अधिक मोलाचे.

चोरून उतरवलेली प्रत तर दोन्ही अर्थांनी निरुपयोगी. ती फुकट असते, मुक्त नसते. आणि प्रामाणिकही नसते. मुक्त पर्याय हाताशी असताना तिला कोणतीच सबब उरत नाही.

विज्ञानाचा पाया ‘दाखवा, तपासू द्या’ या आग्रहावर उभा आहे. साधन निवडतानाही विद्यार्थ्याने हाच आग्रह धरावा. किंमत शून्य आहे का, हे नंतर पाहावे. आधी विचारावे: हे उघडून पाहता येते का?