उपचार मुंबईत, ताप मात्र पेडगावात

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र वैद्यक परिषद

विषय : स्टेम सेल थेरपी घेतलेल्या रुग्णांची सुरक्षितता

महोदय,


लेकरू स्वमग्न आहे किंवा त्याला सेरेब्रल पाल्सी आहे असं कळलं, की आमच्याकडच्या आईबापाला तज्ज्ञ डॉक्टरच्या आधी मोबाइलवरचा व्हिडिओ गाठतो. ‘स्टेम सेल थेरपी, एकदम सेफ!’ मग सोयाबीनचे पैसे, उसनवारी, प्रसंगी जमिनीचा तुकडा, आणि परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई.

मूलपेशींचा (स्टेम सेलचा) उपचार सरसकट थोतांड नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात 1983 साली अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजे मूलपेशींचाच उपचार, झालं. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया यांवर तो आज मान्य उपचार आहे. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की रक्ताचे आजार सोडले तर बाकी सगळा प्रयोग. आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने तर स्वमग्नतेवर ही थेरपी देणं, तिची भलामण करणं हे गैरवर्तन ठरवलं.

तरी सांगितलं जातं, ‘आपल्याच अंगातल्या पेशी, त्या कशा बाधतील?’ लेकराला भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, प्रयोगशाळेत पेशी वेगळ्या करतात, मग कमरेत मणक्यांमधून सुई घालून त्या मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडतात. यातल्या कुठल्याही पायरीला जंतू शिरू शकतो. फ्लोरिडात तीन महिलांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या होत्या. त्यांनी पदरचे पैसे भरले होते, आणि तिघींची नजर जवळपास गेली. 2017 साली ही हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, म्हणून जगाला कळली.

आपल्याकडे अशी हकिगत कळणार कशी? सुई टोचून लेकरू गावी येतं. ताप, डोकेदुखी, झटके आले तर बघतो तो इथला डॉक्टर. त्याच्या हाती धड डिस्चार्ज कार्डही नसतं. टोचणाऱ्याच्या वहीत मात्र ‘त्रास नाही’. अशा वहीच्या भरवशावर ‘सेफ’ म्हणणं ही फसवणूक आहे.

म्हणून तीन मागण्या. काय टोचलं, किती, कुठल्या प्रयोगशाळेतलं आणि वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला (सीटीआरआय) त्या चाचणीचा नोंदणी क्रमांक कोणता, हे मराठीत लिहिलेला कागद प्रत्येक रुग्णाच्या हाती द्यायला लावा. त्रास झाल्यास नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रातच होऊ द्या. औषधांच्या दुष्परिणामांसाठी 1800-180-3024 हा फुकटचा क्रमांक आहे, तो दवाखान्याच्या भिंतीवर ठळक लावा. आणि जाहिरातींवर तक्रारीची वाट न बघता कारवाई करा. व्हिडिओ आम्हाला दिसतात, तसे ते आपल्यालाही दिसतातच.

नियम आहेत. ते पाळले जातात की नाही, हे बघणं आपलं काम आहे. किती दवाखान्यांवर काय कारवाई केली, तेवढं जाहीर करा.

आपला,
एक ग्रामस्थ
पेडगाव, ता. जि. परभणी