'ओबडधोबड, पण धारदार' : एका 'पण'विषयी

मराठीच्या उत्तरपत्रिकांत आणि पुस्तक-परीक्षणांत 'धारदार' इतके स्वस्त झालेले विशेषण क्वचितच दुसरे असेल. उपरोध धारदार, संवाद धारदार, शैली तर हटकून धारदार. दलित वा ग्रामीण आत्मकथनाविषयी लिहायचे असले की 'भाषा ओबडधोबड, पण धारदार' हे वाक्य ठरलेलेच. आमचा आक्षेप या वाक्यातल्या 'पण'वर आहे. तो समजून घ्यायचा तर समीक्षा क्षणभर बाजूला ठेवून धार लावण्याच्या कामाकडेच पाहावे लागेल.

भाषेने या कामाची आठवण चांगली जपली आहे. संस्कृत 'तिज्' धातूचा अर्थच धार लावणे. 'तीक्ष्ण' आणि 'तेज' तिथूनच आले, आणि सोसण्याची शक्ती सांगणारी 'तितिक्षा'ही त्याच धातूची. मराठीत दिवा पाजळतात आणि शस्त्रही पाजळतात. पोलादाला पाणी देतात, म्हणून माणूसही पाणीदार ठरतो. शस्त्रांना झिलई देणारा तो शिकलगार. 'सैकल' या मूळ अरबी शब्दातही झिलईचाच अर्थ आहे. इंग्रजी अमदानीत, विशेषतः १८७८च्या शस्त्र कायद्यानंतर, तलवारींचे काम आटत गेले आणि शिकलगारांच्या हाती चाकू, विळ्या, कात्र्या उरल्या. तुकोबांनी शब्दांना रत्नेही म्हटले आणि शस्त्रेही. या दोन उपमा वरवर दूरच्या वाटतात. पण रत्न आणि शस्त्र दोन्ही शाणेवर चढतात, हे लक्षात घेतले की त्यांच्यातले नाते उमगते.

धार लावणे म्हणजे पाते नुसते घासणे नव्हे. निसण्यावर ठरावीक कोनात पाते चालवले की पोलाद झिजत झिजत कडेपर्यंत येते आणि पलीकडच्या बाजूला केसासारखी बारीक कोर उभी राहते. ती बोटाला लागते, म्हणून नवख्याला तीच धार वाटते; पहिल्याच कापाला ती दुमडते. पाते उलटसुलट करीत, दाब कमी करीत ती कोर काढावी लागते. वस्तऱ्याचे काम याहूनही नाजूक. जुन्या न्हाव्याच्या धोकटीत दगडाबरोबर चामड्याचा पट्टा असे. दगडावर पाते धार पुढे ठेवून चालवतात. पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर चामडेच कापले जायचे. पट्टा पोलाद फारसे काढत नाही. तो उरलीसुरली कोर सरळ करतो आणि काठ गुळगुळीत करतो. ही झिलई. घाई झाली आणि विजेच्या चाकावर पाते तापून निळे पडले, तर त्याचे पाणी उतरते. मग धार दिसते, टिकत नाही.

आता सोलापूर जिल्ह्यातल्या उसाच्या फडात जाऊ. उसाच्या बुडख्याकडच्या कांड्यांत साखर अधिक असते, आणि ऊस जमिनीलगत तोडला तरच खोडवा चांगला फुटतो. म्हणून कोयता अगदी मातीशी चालवावा लागतो. तिथे खडे लागतात, धार जाते आणि कानस पुन्हापुन्हा हाती घ्यावी लागते. कोयत्याची धार वस्तऱ्याइतकी पातळ केली तर पहिल्याच खड्यावर तिचा तुकडा उडेल. फार जाड ठेवली तर संध्याकाळपर्यंत मनगट भरून येईल. शिवाय कानशीने काठावर जे सूक्ष्म दाते राहतात, ते धागेदार उसाला धरून कापतात. अशा कोयत्याला पट्ट्यावर आरशासारखी झिलई देणे हा व्यर्थ श्रम होय.

म्हणजे कशी धार चांगली, हे कापायचे काय यावर ठरते. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'उचल्या' (१९८७) या पुस्तकांची भाषा वस्तऱ्याच्या मापाने जोखून तिला सवलतीचे गुण देण्याचे कारण नाही. तिचा खडबडीतपणा हा धारेला लागलेला डाग नव्हे. तो धारेचाच भाग आहे. 'ययाति'ची (१९५९) भाषा पट्ट्यावरून आलेली आहे, आणि तेही तिच्या कामाला साजेसेच आहे. दोन्हींना एकच 'धारदार' हे विशेषण लावणारी समीक्षा दोन्हींबद्दल काहीच सांगत नाही.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसे, आणि गणना एका हत्याराची! मजुरी टनावर मिळते. कानशीवर गेलेला वेळ कुठल्याच टनात मोजला जात नाही. दुसरीकडे २०२२-२३च्या सुमारास पुण्यातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांतून 'कोयता गँग' हा शब्द रूढ झाला आणि शहरी वाचकाच्या मनात कोयता म्हणजे दहशत असे समीकरण बसले. ज्याच्या धारेवर साखर उभी आहे, त्या हत्याराचे नावच श्रमाकडून काढून गुन्ह्याला दिले गेले.

सोलापूरच्या महाविद्यालयांत आमच्यासमोर बसणाऱ्या काही मुलांच्या घरी कोयता आजही खुंटीला असतो. बुडखा, पाचट, वाढे, कानस हे शब्द त्यांना उपजत येतात. तरी परीक्षेत ती गाइडमधले 'ओबडधोबड, पण धारदार' लिहितात, कारण आपले शब्द ग्राम्य आहेत असे त्यांना शाळेपासून ऐकवले गेले आहे. सेना न्हाव्यांना आपल्या धंद्यातली उपकरणे अभंगात आणताना संकोच वाटला नव्हता. तो संकोच आजच्या विद्यार्थ्याला वाटावा, याची जबाबदारी अभ्यासक्रमावर आहे आणि तो शिकवणाऱ्यांवरही.

आमची सूचना साधी आहे. 'धारदार' असे कोणी लिहिले की शिक्षकाने त्याखाली दोन प्रश्न लिहावेत : काय कापण्यासाठी? आणि धार लावली कशावर, दगडावर, कानशीवर की पट्ट्यावर? ज्या विद्यार्थ्याने पहाटे कोयत्याला कानस लागताना पाहिली आहे, त्याला यांची उत्तरे पुस्तकात शोधावी लागणार नाहीत. त्याने ती आपल्या शब्दांत लिहावीत, आणि आपण ती पूर्ण गुण देऊन वाचावीत.